चार मिनिटं वीस सेकंद

दोंडाईच्याच्या मिरची बाजारात
स्विचची पेटी उघडली की आधी शिंक येते.
पंख्याच्या पात्यांवर लाल पूड, पोर्टांच्या भोकांत बी,
आणि पेटीपुढे उकिडवा भटू भोई,
नाकाला रुमाल, हातात टॉर्च:
"मॅडम, दिवे तर सगळे हिरवे."

हिरव्या दिव्यांवर माझा विश्वास नाही.
लिलावाचं चित्र ओट्यावरून निघतं,
अकरा आडत दुकानांत पोचायला हवं.
पोचतही होतं,
चार मिनिटं वीस सेकंद.
मग उखा आप्पांचा हात हवेत राहायचा,
तोंड अर्धं उघडं,
खाली भाव एकशे बेचाळीसवर थिजलेला,
आणि तिकडे ढीग केव्हाच दुसऱ्याच्या गोणीत.

दोनशे एकोणचाळीसने सुरू होणारा पत्ता
कुणाच्याच घराचा नसतो.
भिशीसारखं आहे. नाव घाला, वाटा मिळेल.
पाठवणारा एकदाच पाठवतो,
घेणारे किती, त्याला ठाऊकही नसतं;
हिशेब वाटेवरच्या नाक्यांनी ठेवायचा.

सोमवारी कळलं, नवा कॅमेरा पाकिटाला
आयुष्यच एक देत होता.
पहिल्या उंबऱ्यावर मरायचं बिचारं.
सोळा केलं.
मंगळवारी कळलं, फायबर आता रेल्वे फाटकाकडून येते,
राउटरच्या वहीत मात्र अजून स्टेशनरोड.
ज्या वाटेने आपण परत जाणार नाही
त्या वाटेने आलेल्याला तो दारात घेत नाही.
नियम मला पटला.
तरी वही दुरुस्त केली.

बुधवारी पुन्हा चार मिनिटं वीस सेकंद.
घड्याळ लावून बसले. एकोणीस नाही, एकवीस नाही.
जे इतक्या नेमाने बिघडतं
ते बिघडलेलं नसतं,
कुणीतरी सांगितलेलं करत असतं.

गिरासेंच्या दुकानात चहा निवत होता.
बाहेर ओट्यावर उखा आप्पा
भाव पुकारून थांबले, आणि
"आखो शे का कोनी?"
उत्तर कुणी देत नाही तिथं.
एकानं टोपीला हात लावला,
एकानं बोट हलवलं, तेही खिशाजवळच.
ढीग जिवंत राहिला.

"भटू, जुना राउटर कुठंय?"
"भंगारमा दी टाका, मॅडम. काहीच करत नव्हता तो."

करत होता.
दर सव्वाशे सेकंदांनी अकरा दुकानांना विचारत होता,
अजून आहात का?
दुकानं हो म्हणायची, म्हणून चित्र जायचं.
विचारणारा भंगारात गेला, उत्तरं थांबली.
स्विचनं दोन फेऱ्या वाट पाहिली, वर दहा सेकंद,
मग धरून चालला की कुणी उरलं नाही.
त्यात दुष्टपणा काही नव्हता.

एक ओळ टाइप केली. विचारायचं काम नव्याला दिलं.
चार वीस. चार एकवीस.
पाच मिनिटं झाली तेव्हा भटू मनसोक्त शिंकला.
अकरापैकी दहा.
नववं दुकान काळंच:
तिथल्या पुतण्यानं टीव्हीची पिन काढून
मोबाइल चार्जिंगला लावला होता.
त्याला राउटर काय करणार.

संध्याकाळी उखा आप्पा नळावर हात धुत होते,
मिरचीचे हात, तीनदा साबण लावून.
मी सांगितलं.
"मंग ते यंत्र बी इचारस?"
दर सव्वाशे सेकंदांनी, आप्पा.
"नि कोनी नही बोलनं तर?"
तर पाठवणं बंद.

ते बराच वेळ बोटांची पेरं चोळत राहिले.
"एक साल मना आवाज बसी गया व्हता," म्हणाले,
"एक बी ढीग इकायना नही."
मिरची भरपूर होती, म्हणे, त्या दिवशी.
माणसंही.